एवढा पाऊस पडणाऱ्या अ‍ॅमेझॉनमध्ये नद्या आटतात कशा? (वर्षावनातल्या पाण्याचा जमाखर्च)

पाणवठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे टाकते, जाणकारांनी भर घालावी.

ब्राझीलमध्ये मनाउस म्हणून शहर आहे, अ‍ॅमेझॉनच्या जंगलाच्या पार मधोमध, रिओ नेग्रो नदीच्या काठावर. तिथल्या बंदरात १९०२ पासून नदीची पातळी मोजतायत. जून २०२१ मध्ये ती ३०.०२ मीटरवर गेली, नोंदी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात मोठा पूर. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये १२.७० मीटर, तोपर्यंतची सगळ्यात कमी. हे कमी होतं म्हणून की काय ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्याही खाली, १२ च्या जेमतेम वर. म्हणजे सव्वाशे वर्षांच्या वहीतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा साडेतीन वर्षांच्या आत लिहिला गेला. (ही पातळी म्हणजे खोली नव्हे, मोजपट्टीवरचा आकडा आहे आणि दरवर्षी दहाएक मीटरचा चढउतार तिथे नेहमीचाच आहे. आधीच सांगून ठेवते, नाहीतर लगेच कोणीतरी येईल.)

२०२३ मध्येच तिकडे तेफे नावाच्या तलावात पाणी ३९ अंशांच्या वर तापलं आणि शंभराहून जास्त डॉल्फिन मेले. आतल्या गावांना रस्तेच नाहीत, नदी हाच रस्ता, त्यामुळे नदी आटली की गॅस, औषधं, पिण्याचं पाणी सगळंच बंद.

आता माझा प्रश्न. तिथे वर्षाला सरासरी २२०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. एवढं पाणी आणि वर एवढं घनदाट जंगल, तरी हे गणित बिघडतं कसं आणि बिघडवतं कोण? आमच्या घरी नवरा म्हणतो एल निनो, मुलगी म्हणते जंगलतोड. मी म्हटलं दोघंही आधी भांडी लावा, तोवर मी विचारून येते.

वाटसरू_७२

वाचतोय. डॉल्फिनचं माहीत नव्हतं, वाईट वाटलं.

जलधर

चांगला विषय. मी भूजलाच्या कामात आयुष्य घालवलंय, अ‍ॅमेझॉन पाहिलेलं नाही, पण वाचन बऱ्यापैकी आहे म्हणून लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

आधी साधा जमाखर्च मांडू. खोऱ्यात जमा होतो पाऊस. खर्च दोन वाटांनी, एक म्हणजे जमिनीवरून आणि पानांतून वाफ होऊन परत वर जाणारं पाणी आणि दुसरं नदीतून समुद्राला जाणारं. जो फरक उरेल तो जमिनीत, तळ्यांत, पूरमैदानात साठतो नाहीतर तिथून कमी होतो. अ‍ॅमेझॉनमध्ये २२०० मिमी पैकी साधारण अर्धं, थोडं जास्तच, वाफ होऊन वर जातं आणि बाकीचं नदीत. हे "बाकीचं" म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख घनमीटर! जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं पाणी ओततात त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा ही एकटी नदी ओतते. खोरंच ७० लाख चौ.किमी.चं आहे म्हणा, म्हणजे आख्ख्या भारताच्या दुप्पट.

आता गंमत अशी की वर गेलेलं अर्धं पाणी हा खर्च आहे की जमा? आपल्याकडच्या पाटबंधाऱ्याच्या हिशोबात बाष्पीभवन म्हणजे नुकसान, धरणातून उडून गेलं, संपलं. तिथे तसं नाही. अटलांटिकवरून वारे पूर्वेकडून ओलावा घेऊन येतात, पूर्व भागात पाऊस पडतो, झाडं तो उपसून परत हवेत सोडतात, वारा ते पश्चिमेला नेतो, तिथे परत पाऊस, परत वाफ. असं करत करत अँडीज पर्वतापर्यंत. आग लागल्यावर माणसं रांग करून हातोहात बादल्या पोचवतात ना, तसंच.

हे नुसतं म्हणणं नाही, मोजलेलं आहे. एनेआस सालाती म्हणून ब्राझीलचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातला जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच जरा जास्त वजनाचा प्रकार) मोजला. ढग जसजसा किनाऱ्यापासून आत जाईल तसतसं जड ऑक्सिजनवालं पाणी आधी पडून जातं आणि उरलेल्या वाफेत ते कमी कमी होत जायला पाहिजे. अ‍ॅमेझॉनमध्ये ते अपेक्षेपेक्षा फारच सावकाश कमी होतं. कारण झाड मुळातून जसं पाणी ओढतं तसंच ते पानातून सोडतं, जड-हलकं निवडत बसत नाही, म्हणून पडलेलं जड पाणी परत हवेत येत राहतं. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की तिथला साधारण अर्धा पाऊस जंगलाने परत फिरवलेल्या पाण्याचा आहे. पुढे मॉडेलवाल्यांनी हा आकडा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आणला, पण मुद्दा तोच राहिला.

सरळसोट

जलधरकाका, माहितीबद्दल आभार पण एक शंका आहे आणि ती भाबडी वाटली तरी विचारणार. झाड पाणी पितं हे तुम्हीच म्हणताय. आमच्या मामांच्या रानात शेजाऱ्याने निलगिरी लावली आणि मामांची विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली, हे डोळ्यांनी बघितलंय. मग झाडं तोडली तर नदीचं पाणी वाढायला पाहिजे, आटायला कशाला पाहिजे? लोक उगाच प्रत्येक गोष्टीला जंगलतोड चिकटवतात असं माझं स्पष्ट मत.

रानजाई

आले सरळसोट, आता धागा शंभरी गाठणार :)

जलधर

सरळसोट, शंका अजिबात भाबडी नाही आणि तुमचं अर्धं म्हणणं मोजमापाने सिद्ध झालेलंच आहे. ब्राझीलमधल्या तोकांतिन्स नदीच्या वरच्या खोऱ्यात १९४९ ते १९६८ आणि १९७९ ते १९९८ असे दोन काळ तुलनेला घेतले. मधल्या काळात तिथे शेती आणि कुरणं खूप वाढली. पाऊस जवळपास तेवढाच, नदीचा वार्षिक प्रवाह मात्र २४ टक्क्यांनी वाढला. झाडं गेली, उपसा कमी झाला, माती गुरांनी तुडवून घट्ट झाली, पाणी मुरण्याऐवजी वाहून गेलं.

पण दोन गोष्टी. एक, ते वाढलेलं पाणी मुख्यतः पावसाळ्यातलं, पुराचं. दुसरी जास्त महत्त्वाची, या हिशोबात पाऊस तेवढाच राहिला असं धरलंय. एका लहान खोऱ्यात तोड झाली तर पाऊस तेवढाच राहतो कारण तो बाहेरून येतो. पण तोड लाखो चौ.किमी.वर गेली की जमेची बाजूच कमी व्हायला लागते. म्हणजे एकच कुऱ्हाड जवळच्या ओढ्याला पाणी वाढवते आणि हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या माणसाचा पाऊस कमी करते. दोन्ही एकाच वेळी खरं. लोक भांडतात ते बहुतेक वेळा एक जण ओढ्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा खंडाबद्दल म्हणून.

साओपावलोकर

हा धागा बघून राहवलं नाही. मी कामानिमित्त गेली बरीच वर्षं साओ पावलोमध्ये आहे (मूळचा पिंपरीचा, गाड्यांच्या पार्टच्या धंद्यात). वर जलधर साहेबांनी बादल्यांच्या रांगेचं लिहिलंय ती रांग अँडीजपाशी संपत नाही, तिथून ती वळते आणि आमच्याकडे येते. अँडीजची भिंत आडवी आल्यावर तो ओलसर वारा दक्षिणेला वळतो, जमिनीपासून दीड-दोन किलोमीटर उंचीवरून बोलिव्हिया, पाराग्वाय, माटो ग्रोसो (ब्राझीलचं एक राज्य), आमचं साओ पावलो, खाली अर्जेंटिनापर्यंत. इथे याला उडत्या नद्या म्हणतात आणि शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. जेरार्द मॉस म्हणून एक पायलट आहे, त्याने छोट्या विमानातून हवेतल्या वाफेचे नमुने गोळा केले होते, त्यामुळे हा विषय टीव्हीवर आला आणि घराघरात पोचला. अंतोनियो नोब्रे म्हणून शास्त्रज्ञ आहेत त्यांचा एक आकडा इथे सगळे सांगतात, की जंगल दिवसाला २० अब्ज टन पाणी हवेत सोडतं आणि अ‍ॅमेझॉन नदी समुद्रात टाकते १७ अब्ज टन. म्हणजे वरची नदी खालच्या नदीपेक्षा मोठी.

२०१४-१५ मध्ये आमच्याकडे पाण्याची जी बोंब झाली ती विचारू नका, कान्तारेरा म्हणून धरणांचा समूह आहे ज्यावर शहरातले लाखो लोक जगतात, तो एवढा खाली गेला की दरवाजांच्या खालचं मृत साठ्यातलं पाणी पंप लावून उपसायला लागलं, मे २०१४ मध्ये. वर्ल्डकप तोंडावर आलेला आणि आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री नळाला प्रेशर नाही, बाहेर अधिकृतपणे सांगतात पाणीकपात नाहीये. लातूरवाल्यांना हसू येईल पण दोन कोटींच्या शहरात माणसं बादल्या भरून ठेवत होती.

सरळसोट

बरोबर, म्हणजे अ‍ॅमेझॉन तोडलं म्हणून साओ पावलोत पाणी नाही, असंच ना? पुरावा?

साओपावलोकर

नाही, असं मी म्हणणार नाही. २०१४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन पावसाळ्यात, आग्नेय ब्राझीलवर उच्च दाबाचा पट्टा येऊन बसला आणि हललाच नाही, त्याने पावसाची वाट अडवली. त्या एका वर्षाचं खापर थेट जंगलतोडीवर फोडता येत नाही. शिवाय गळक्या पाइपलाइनी, वाढलेली मागणी, धरणांच्या वरच्या बाजूची तोडलेली झाडी, हे सगळं होतंच. पण जिथून ओलावा येतो ती मूळ जागाच बारीक होत चाललीय तर पुढच्या वेळी असा दाबाचा पट्टा येईल तेव्हा आणखी वाईट होणार एवढं तरी कळतं.

पाणवठा

काय सुंदर चर्चा चाललीय, नवऱ्याला वाचून दाखवली. तो विचारतोय की एल निनोचं काय? 😀

जलधर

येतोय तिकडेच. निसर्गाच्या बाजूला दोन मोठे खेळाडू आहेत, एक प्रशांत महासागर, दुसरा अटलांटिक. एल निनोत प्रशांत महासागराचा पूर्व भाग तापतो, तिथे हवा वर उठते आणि अ‍ॅमेझॉनवर, विशेषतः उत्तर-पूर्व भागात, ती खाली बसते. खाली बसणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. २०१५-१६ चा दुष्काळ या जातीचा. अटलांटिकचं वेगळं आहे. त्याचा उत्तरेकडचा उष्ण भाग नेहमीपेक्षा तापला की पावसाचा पट्टा उत्तरेला ओढला जातो आणि दक्षिण-पश्चिम अ‍ॅमेझॉन कोरडं पडतं. २००५ चा मोठा दुष्काळ हा अटलांटिकचा, त्या वर्षी मोठा एल निनो नव्हताच. २०२३-२४ मध्ये दोघंही एकदम तापलेले. आणि ला निना (प्रशांतचा तोच भाग नेहमीपेक्षा थंड) असली की उलटं, २०२१ चा पूर त्यातलाच. म्हणजे पाणवठाताईंच्या घरातला एल निनो गट अगदी चुकीचा नाही.

सरळसोट

धन्यवाद. केस क्लोज.

जलधर

थांबा हो, एवढ्यात कुठे चाललात. २०२३ च्या दुष्काळाचा हिशोब हवामान बदलाचा वाटा काढणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने जानेवारी २०२४ मध्ये मांडला. त्यात दोन वेगळे प्रश्न होते, पाऊस किती कमी झाला आणि जमीन-नद्या किती सुकल्या. पाऊस कमी होण्यात एल निनो आणि तापमानवाढ यांचा वाटा साधारण सारखा निघाला. पण सुकण्यात एल निनोचा हात फारच थोडा, जवळजवळ सगळा तापमानवाढीचा, कारण हवा तापली की ती जमिनीतून, पानांतून, तळ्यांतून जास्त पाणी ओढते. असा सुका दुष्काळ पूर्वीपेक्षा ३० पट जास्त शक्य झालाय असं त्यांचं गणित. पाऊस कमी म्हणून जमा कमी, उष्णता जास्त म्हणून खर्चही जास्त, अशी दोन्हीकडून कात्री.

एल निनो पूर्वीपण होताच, हे जंगल त्याच्यासकट हजारो वर्षं टिकलंय. कसं टिकलं हा खरा इंटरेस्टिंग प्रश्न आहे. पारा राज्यात पारागोमिनास म्हणून भाग आहे, तिथे वर्षात पाचेक महिने कोरडे जातात तरी जंगल हिरवंगार. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे खोल खड्डे खणून बघितलं तर झाडांची मुळं ८ मीटरपेक्षा खोल जाऊन पाणी ओढत होती. पावसाळ्यात मुरलेलं पाणी कोरड्या महिन्यांत वर काढायचं. मध्य अ‍ॅमेझॉनमध्ये तर कोरड्या दिवसांत, ढग कमी आणि ऊन जास्त म्हणून, झाडं पावसाळ्यापेक्षा जास्त वाफ सोडतात. कुरणातल्या गवताला हे जमत नाही. गवताची मुळं उथळ, वरची माती सुकली की ते पिवळं पडतं आणि हवेत वाफ जाणं थांबतं, तेही नेमकं जेव्हा तिची सगळ्यात गरज असते तेव्हा. म्हणून मला वर्षाच्या सरासरीचा राग येतो. सरासरीत फरक छोटा दिसतो, सगळी मारामारी त्या तीन-चार कोरड्या महिन्यांत असते.

सड्यावरची

जलधरकाका, मुळांचं वाचलं आणि आमचं गाव आठवलं. मी सिंधुदुर्गातली, दोडामार्गकडची. आमच्याकडे तीन-साडेतीन हजार मिमी पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर. वरती सदाहरित रान होतं तेव्हा व्हाळाला (ओढ्याला) शिमग्यानंतरही पाणी असायचं असं जुनी माणसं सांगतात. आता रबर, काजू, अननस. डोंगर आडवा कापून टप्पे केलेले दिसतात. मग आमचाही पाऊस कमी होणार का? की आमचं वेगळं आहे?

रानजाई

सड्यावरची +१. आम्हीपण कोकणातलेच, टँकरचं दुःख सेम.

वाटसरू_७२

इथून पुढे गाडगीळ-कस्तुरीरंगन (पश्चिम घाटाच्या अहवालांचा वाद) सुरू होणार असेल तर मी चहा करून येतो.

जलधर

नको, त्याचे चार धागे आधीच आहेत. सड्यावरची, तुमचं वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

सह्याद्रीचा पाऊस चार महिन्यांत थेट अरबी समुद्रावरून येतो आणि डोंगराला धडकून पडतो. समुद्र शंभर किलोमीटरच्या आत. अ‍ॅमेझॉनसारखी दोन-तीन हजार किलोमीटरची रांग नाही. त्यामुळे घाटमाथ्यावरची झाडी कमी झाली तरी आंबोलीचा पाऊस त्याच प्रमाणात घटेल असं म्हणता येत नाही. तुमच्याकडे जमेपेक्षा खर्चाची वाट बदलते. जंगलातली माती भुसभुशीत, पालापाचोळा, वाळवी-गांडुळांची भोकं, कुजलेल्या मुळांच्या नळ्या, त्यातून मुसळधार पाऊसही आत जातो. तीच जमीन उघडी केली की पाणी वरून पळतं आणि त्यात जांभ्याचा कातळ असेल तर विचारूच नका. उत्तर कन्नडमध्ये, म्हणजे तुमच्या जरा खालीच, नैसर्गिक जंगल, झिजलेलं रान आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड अशी शेजारशेजारची छोटी पाणलोटं मोजली होती. नैसर्गिक जंगलात पावसाचं पाणी जास्त मुरतं आणि ओढा पावसाळ्यानंतरही जास्त चालतो असं दिसलं. नुसती हिरवी लागवड केली की ते परत येतं असं नाही. इथे सरळसोट यांच्या मामांची निलगिरीपण बसते. मुरणं वाढलं नाही आणि उपसा मात्र वाढला, तर विहीर आटणारच.

आणि तुमच्या झाडांची वाफ कुठे जाते? घाट ओलांडून पूर्वेला. आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवलं की पावसाळ्यात तमिळनाडूत जो पाऊस पडतो त्यातल्या ओलाव्याचा मोठा हिस्सा पश्चिम घाटाच्या झाडीतून जातो आणि मान्सून कमजोर असतो तेव्हा हा हिस्सा वाढतो. म्हणजे बादल्यांची रांग आपल्याकडेही आहे, छोटी आहे, आणि तिच्या टोकाला आपण नाही, दुसरं कोणीतरी आहे.

सड्यावरची

हे कधीच ऐकलं नव्हतं. आमच्याकडच्या मीटिंगमध्ये नेहमी "आमच्या डोंगराचं आम्ही बघू" असंच असतं.

धूळपाटी

उशिरा येतोय. मी हवेतल्या कणांवर थोडं काम केलंय (पीएचडी अर्धवट, गाईड आणि मी दोघंही सुखी) तर एक गोष्ट कोणी लिहिली नाही ती लिहितो. नुसती वाफ असून पाऊस पडत नाही, थेंब जमायला बारीक कण लागतात. अ‍ॅमेझॉनवर पावसाळ्यात हवा इतकी स्वच्छ असते की बहुतेक कण जंगलच पुरवतं, झाडांतून निघणारे वायू हवेत बदलून कण बनतात, परागकण, बुरशीचे बीजाणू, अगदी झाडं-बुरशीतून आलेले पोटॅशियमच्या मिठाचे कण सुद्धा सापडलेत. मनाउसच्या ईशान्येला जंगलात ३२५ मीटर उंच टॉवर उभा केलाय खास हे सगळं मोजायला. मोजके कण असले की थेंब मोठे होतात आणि पटकन पडतात. कोरड्या दिवसांत मात्र तोडलेलं जंगल जाळतात, त्या धुराने हवेत कणच कण होतात, तेवढीच वाफ खूप थेंबांत वाटली जाते, थेंब बारीक राहतात आणि पडतच नाहीत, ढग नुसता वर वर चढतो. मग पाऊस उशिरा आणि कधी कधी गारा-विजांसकट. म्हणजे आग लावली की जंगलाची वाफ कमी होते हे एक, आणि असलेली वाफसुद्धा पडायला वेळ लागतो हे दुसरं.

साओपावलोकर

धुरावरून, १९ ऑगस्ट २०१९. दुपारी तीनला साओ पावलोत दिवे लावायला लागले होते, आकाश काळं. थंड हवेचे ढग होतेच पण त्यात उत्तरेकडच्या आगींचा धूर मिसळलेला. ऑफिसमधले लोक खिडकीशी उभे राहून फोटो काढत होते, मीपण काढले. त्या दिवसापासून इथल्या लोकांना अ‍ॅमेझॉन जरा जवळ वाटायला लागलं.

सरळसोट

ओके, मी वाचतोय सगळं आणि मान्य करण्यासारखं बरंच आहे. पण मला व्यवहाराचं बोला. तिथला सोयाबीनवाला शेतकरी तोडतो कारण त्याला पैसे मिळतात. त्याचं काय नुकसान होतंय सांगा, डॉल्फिनचं नको.

साओपावलोकर

हे चांगलं विचारलंत. माटो ग्रोसोमध्ये एकाच शेतात वर्षाला दोन पिकं काढतात, आधी सोयाबीन, ते निघालं की लगेच मका. पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात वेळेवर सुरू झाला तरच दुसरं पीक पावसात बसतं. पाऊस पंधरा दिवस लांबला की मका मार खातो. म्हणजे ज्या पावसाच्या भरवशावर तो दोन पिकं घेतो, तो पाऊस वेळेवर आणण्यात त्यानेच तोडलेल्या जंगलाचा हात होता.

जलधर

याला आधारपण आहे. दक्षिण अ‍ॅमेझॉनमध्ये पावसाळा समुद्रावरचा पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकण्याच्या दोन-तीन महिने आधीच सुरू होतो, असं का होतं हे कोडं होतं. २०१७ मध्ये उपग्रहाने मोजलेल्या वाफेतल्या जड हायड्रोजनवरून दिसलं की त्या वेळी हवेत वाढणारा ओलावा समुद्राचा नसून झाडांचा असतो. कोरड्या दिवसांच्या शेवटी झाडं वाफ सोडतात, त्याने छोटे ढग, छोटे पाऊस, हवा वर उठायला लागते आणि मग समुद्रावरची ओली हवा आत ओढली जाते. आपल्याकडे मिरगाची वाट बघतात, तिथे जंगलच मिरग आणतं म्हणा ना. रोन्दोनिया राज्यात, जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यासारखी तोड दिसते, तिथल्या तोड झालेल्या भागात पावसाळ्याची सुरुवात तीन दशकांत सरासरी ११ दिवसांनी पुढे गेली.

आणि धरणवाल्यांचंही घ्या. शिंगू नदीवर बेलो मोंची म्हणून ११ हजार मेगावॉटच्या वरचं धरण बांधलं. साधं गणित असं की वरच्या खोऱ्यात जंगल कमी झालं तर नदीला पाणी वाढेल, म्हणजे सरळसोट यांचंच गणित. २०१३ मध्ये काही संशोधकांनी पावसातली घटही त्यात धरली. तर आख्ख्या अ‍ॅमेझॉनचं ४० टक्के जंगल गेलं तर वीज स्थापित क्षमतेच्या पावभागाच्या आसपास खाली येईल असं निघालं. फक्त शिंगूचं खोरं सांभाळून भागत नाही, कारण तिथला पाऊस पूर्वेकडच्या जंगलातून येतो.

धूळपाटी

तोड किती झालीय आत्तापर्यंत?

जलधर

मूळ जंगलाच्या साधारण १७ टक्के. थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे (वर आलेल्या अंतोनियोंचे भाऊ) या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये लिहिलं की २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान गेलं की पूर्व, दक्षिण आणि मध्य भागात पाण्याचं हे चक्र जंगल टिकवण्याएवढं राहणार नाही, तिथे विरळ झाडीचं गवताळ रान होईल. हा आकडा लक्ष्मणरेषेसारखा सांगितला जातो ते मला पटत नाही. सगळं खोरं एका दिवशी उलटणार नाहीये. वायव्येला, अँडीजच्या पायथ्याशी, पाऊस भरपूर आहे, ते टिकेल. आग्नेय भाग मात्र आत्ताच डळमळीत आहे. तिथलं जंगल, आगी धरून, जेवढा कार्बन घेतं त्यापेक्षा जास्त सोडतंय असं २०२१ मध्ये विमानातून मोजलेल्या नमुन्यांवरून दिसलं.

साओपावलोकर

एक टोचणी. साहेब, तुम्ही वर तोकांतिन्सचं २४ टक्के दिलंत, ते खोरं वर्षावनाचं कमी आणि सेराडोचं जास्त आहे. सेराडो म्हणजे आमच्या इथलं माळरान, ठेंगणी वाकडी झाडं, मुळं मात्र खोल. इथले लोक त्याला उलटं जंगल म्हणतात.

जलधर

बरोबर, ते सांगायलाच हवं. शुद्ध वर्षावनाच्या कडेचं उदाहरण हवं असेल तर माटो ग्रोसोतलं तांगुरो घ्या, शिंगूच्या उगमाकडचं मोठं शेत आहे. तिथे जंगलातले ओढे आणि सोयाबीनमधले ओढे शेजारशेजारी मोजले, तर तेवढ्याच क्षेत्रातून सोयाबीनच्या ओढ्याला जंगलातल्यापेक्षा जवळजवळ चौपट पाणी येत होतं. म्हणजे झाडं किती पाणी वर पाठवत होती बघा.

सरळसोट

चौपट! बघा, मी म्हणत होतो.

रानजाई

याला म्हणतात सिलेक्टिव्ह रीडिंग 😂

पाणवठा

मुलगी विचारतेय की तिथे काही कायदा वगैरे आहे का? आणि तोड कमी झालीय की वाढलीय?

साओपावलोकर

कायदा कडक आहे कागदावर. अ‍ॅमेझॉनच्या जंगल भागात खासगी जमीन असली तरी ८० टक्के जंगल राखायचं, २० टक्केच वापरायचं. ब्राझीलच्या अंतराळ संस्थेचे उपग्रह दरवर्षी तोड मोजतात. २००४ मध्ये एका वर्षात २७ हजार चौ.किमी.च्या वर होती, २०१२ ला साडेचार हजारांच्या आसपास आली, २०२१ ला परत १३ हजारांवर, आणि २०२४ ला सव्वासहा हजारांच्या आसपास. म्हणजे ठरवलं की होतं. पण २०२४ मध्ये तोड कमी असूनही आगी प्रचंड लागल्या, कारण जंगलच सुकलेलं. पूर्वी ओलं जंगल स्वतःच आग अडवायचं.

सरळसोट

स्वतःच्या जमिनीत ८० टक्के जंगल ठेवायचं?? आपल्याकडे हे कोणी ग्रामसभेत बोलून बघा.

सड्यावरची

बोलले तर माझं नाव वाडीतनं काढतील. पण काका, झिजलेल्या रानात काय लावावं म्हणजे पाणी मुरेल, यावर काही सांगाल का? आमच्याकडे दरवर्षी फुकट रोपं येतात ती ऑस्ट्रेलियन बाभळीचीच असतात.

जलधर

लावण्याआधी दोन-तीन वर्षं चराई आणि वणवा थांबवून बघा. घाटात मुळं आणि खोडं जिवंत असतात, पुष्कळ ठिकाणी आपोआप फुटवे येतात, आणि पाचोळा साठायला लागला की मुरणं सुधारतं, झाड मोठं व्हायच्या आधीच. लावायचंच तर जवळच्या देवराईत काय आहे ते बघून त्याचंच बी घ्या. आणि व्हाळाच्या दोन्ही काठांपासून सुरुवात करा, सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) नको, तिथे मूळ रानच नव्हतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तुमच्या वाडीचा उतार आणि माती कशी आहे ते कळलं तर नीट सांगता येईल.

साओपावलोकर

आणि सेराडोवर मी वेगळा धागा काढतो, तिथे राखायचं प्रमाण बहुतेक ठिकाणी २० किंवा ३५ टक्केच आहे आणि अर्धा सेराडो आधीच गेलाय. शिंगू, तोकांतिन्स दोघींचे उगम तिथलेच. रविवारी जमेल बहुतेक.

वाटसरू_७२

चहा झाला. धागा वाचनखूण केलाय. सेराडोची लिंक इथे टाका न विसरता.